हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची : आहे तसं क्लोन करावं की विंडोज नव्यानं टाकावी?

अडत_दुकान

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीच्या ऑफिसातला डेस्कटॉप आहे. आय५-८४००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो ६४ बिट. सुरू केल्यापासून टॅली उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात, आणि टास्क मॅनेजरात डिस्क सारखी १०० टक्क्यांवर. ५०० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) घ्यायचं नक्की झालंय.

मशीनवर टॅलीप्राइम आहे, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन चालतं, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) काढायचा एक जुना प्रोग्राम आहे. तो व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या भाषेतला. सेटअपची सीडी नाही आणि लिहून देणाऱ्यानं हा व्यवसाय सोडलाय. पट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते.

सी, डी, ई, एफ असे चार भाग. सी वर ९६ जीबी भरलंय, सगळं मिळून ३१० जीबी. क्लोन (जुन्याची हुबेहूब नक्कल) करू की कोरं करू? दिवाळी पाडव्याचे सौदे सुरू व्हायच्या आत हे उरकायचंय.

सेक्टर_६३

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा, मग क्लोन की फ्रेश ते बोलू. क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. त्यात रॉ व्हॅल्यू हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दिसतात, फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन त्या दशमान करून घ्या, नाहीतर १६ ला १० समजायची पाळी येते.

चार ओळी हव्यात. ०५ म्हणजे रिअलोकेटेड, खराब झाल्यावर बदलून टाकलेले सेक्टर. सी५ म्हणजे पेंडिंग, जे आत्ता वाचता येत नाहीत असे. सी६ अनकरेक्टेबल. आणि सी७, हा डिस्कचा दोष नसतो, बहुतेकदा साटा केबल ढिली किंवा खराब असते.

आणखी दोन गोष्टी कळवा. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकून बायोस मोडपुढे लेगसी (बूटची जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी). डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी, ई, एफ भोवती हिरवी चौकट आहे का, म्हणजे ते लॉजिकल (एका मोठ्या भागाच्या पोटातले) आहेत का.

अडत_दुकान

०५ शून्य, सी५ मध्ये ८, सी६ शून्य, सी७ शून्य. बायोस मोड लेगसी. डी, ई, एफ तिन्ही हिरव्या चौकटीत.

कोरी_पाटी

मग प्रश्नच मिटला की. लेगसी बूट, एमबीआर (भागांची जुनी मांडणी असलेली) डिस्क, वर पेंडिंग सेक्टर. हे सगळं उचलून नव्या एसएसडीत ओतायचं कशाला? विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय५-८४०० विंडोज ११ च्या यादीत बसतो. बायोसमध्ये इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी चालू केली की टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारा सुरक्षेचा भाग) याचीही सोय होते, वेगळी चिप घ्यावी लागत नाही.

मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, यूईएफआय मोडमध्ये बूट, इन्स्टॉल. एसएसडीवर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. लायसन्सची काळजी नको. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यानं जात नाही. तीच आवृत्ती टाका, प्रो असेल तर प्रोच.

एक मात्र पाळा : इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर इन्स्टॉलर बूटचा भाग कधीकधी जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतो. पुढे ती डिस्क काढली की नवीन विंडोज उठतच नाही, आणि मग एसएसडी खराब लागली म्हणून दुकानदाराशी भांडण.

रंकाळ्याचा_वारा

पाटी, विंडोज वीस मिनिटांत होईल हो, पण पट्टीच्या प्रोग्रामचं काय? सेटअप नसलेला व्हीबी ६ चा प्रोग्राम नव्या विंडोजवर उभा करणं म्हणजे कोणत्या सामानाची जुळवाजुळव, ते सांगतो.

व्हीबी ६ ची मूळ रनटाइम फाइल विंडोज ११ मध्येही असते, ती अडचण नाही. अडचण ओसीएक्स फायलींची, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार जोडभागांची. एमएसकॉमसीटीएल, एमएसफ्लेक्सग्रिड, कॉमडीएलजी३२ अशा फायली प्रोग्रामसोबत येतात आणि रजिस्टर कराव्या लागतात. रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्टमध्ये बनवलेले असतील तर त्याच जुन्या आवृत्तीचा रनटाइम शोधा. डेटा बहुधा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये असतो.

आणि खरी खोच ही की तो डेटा नक्की कुठं आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. प्रोग्राम जर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलेला असेल आणि तिथंच लिहू पाहत असेल, तर विस्टापासून पुढची विंडोज त्याला साध्या हक्कांवर तिथं लिहू देत नाही. पण एररही दाखवत नाही. गुपचूप त्या फायलीची एक प्रत यूजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात करते आणि प्रोग्रामला तीच दाखवत राहते. म्हणजे प्रोग्राम फाइल्समधली एमडीबी २०१८ सालच्या तारखेवर थांबलेली, आणि आजच्या पट्ट्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. लोक विश्वासानं प्रोग्रामचा फोल्डर कॉपी करतात, फॉरमॅट मारतात, आणि उघडल्यावर कित्येक वर्षांपूर्वीच्या पट्ट्या समोर येतात.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रोग्रामवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा. अलीकडच्या पट्ट्या गायब दिसल्या तर डेटा व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आहे. फक्त बघा आणि बंद करा, त्या अवस्थेत एकही नोंद करू नका, नाहीतर दोन वेगळे हिशेब तयार होतील.

क्लोनमध्ये हे सगळं आपसूक येतं. म्हणून माझं मत क्लोन.

तांबडा_पांढरा

वाऱ्याला +१. आणि प्रिंटरचं इसरलासा सगळी. डॉट मॅट्रिक्सला जो पट्टीचा आखूड कागद लावताय, त्याची साइज कुणीतरी कधीतरी प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नवा फॉर्म म्हणून घातलेली असती. ती प्रिंटरच्या ड्रायव्हरात नसती, विंडोजच्या रजिस्ट्रीत असती. कोरी विंडोज टाकली की ती गेली. मग एक पट्टी छापली की पुढचा कागद अर्धा फूट सरकतोय, आणि समदी प्रिंटरला शिव्या घालत्यात.

आत्ताच उघडून लांबी-रुंदी कागदावर लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतंय. आणि प्रोग्राम थेट एलपीटी१ ला (प्रिंटरच्या जुन्या पोर्टला) छापत असंल अन् प्रिंटर यूएसबीवर असंल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज एवढंच मारून बघा. एलपीटी१ कुठल्या शेअर केलेल्या प्रिंटरकडं वळवलंय ते तिथं दिसंल. ती वळवणी पण हाताने परत करावी लागणार, आणि शेवटाला पर्सिस्टंट:यस नाही घातलं तर रीस्टार्टला पुन्हा बोंब.

सेक्टर_६३

दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. या मशीनला तिसरा रस्ता चांगला : फक्त सिस्टीमचा भाग क्लोन करायचा, नव्या एसएसडीवर तो एमबीआरचा जीपीटी (नव्या मांडणीचा) करायचा, आणि मग त्यावरच विंडोज ११ चं इन-प्लेस अपग्रेड करायचं, फायली आणि ॲप्स ठेवा हा पर्याय निवडून. अपग्रेडमध्ये विंडोजचा फोल्डर जवळजवळ नव्यानं रचला जातो, पण प्रोग्राम, ओसीएक्सच्या नोंदी, व्हर्च्युअलस्टोअर जागेवर राहतात. प्रिंटरचे फॉर्मही सहसा टिकतात, तरी तांबडा म्हणतो तसं लिहून ठेवाच.

क्रम बदलू नका.

पहिलं काम, त्या ८ पेंडिंग सेक्टरचं. पण त्याच्याही आधी टॅलीचा डेटा फोल्डर, पट्टीचा फोल्डर, व्हर्च्युअलस्टोअर आणि डी, ई, एफ वरचं सगळं बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी करा. त्यानंतरच चेकडिस्क सी: /आर. हा क्रम एवढ्यासाठी की /आर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतो, आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी त्या श्रमातच मरते. १ टीबीची डिस्क असली तरी तुमची सी लहान आहे, तासा-दोन तासांत व्हावं.

झाल्यावर सी५ पुन्हा बघा. तोच आकडा किंवा कमी असेल तर पुढं जा. पेंडिंग सेक्टर सी च्या बाहेर, डी किंवा ई मध्ये असतील तर आकडा हलणारच नाही, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण ८ चे ४० झाले तर तिथंच थांबा, चेकडिस्क पुन्हा मारू नका. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, हे बिघडत्या डिस्कची नक्कल काढणारं टूल. तो आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अवघड जागा शेवटी ठेवतो, आणि मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) दिलेली असेल तर वीज गेली तरी थांबला तिथून पुढं सुरू होतो. मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर मात्र जुनी डिस्क पुसली जाते, म्हणून एंटर मारण्याआधी दोन्हींचे सीरियल नंबर वाचा.

कोरी_पाटी

इन-प्लेस अपग्रेडला माझी हरकत नाही. पण क्लोनझिला सुचवू नका कुणी. मूळ डिस्क १ टीबी, नवी ५०० जीबी. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीत लक्ष्य डिस्क तेवढीच किंवा मोठी मागतं. आत डेटा किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

सेक्टर_६३

बरोबर. आणि मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीपासून बंद आहे. त्याची मुदतीची चाचणी आवृत्ती या एका कामाला पुरते. किंवा एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. सॅमसंगला मॅजिशियन, क्रुशियल आणि डब्ल्यूडी यांना ॲक्रॉनिसची त्यांच्यापुरती आवृत्ती. ती त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात.

काहीही वापरा, सिस्टीम रिझर्व्हड आणि सी एवढेच दोन भाग निवडा. नुसता सी घेतला तर बूट होणार नाही, कारण लेगसी मशीनवर बूट मॅनेजर त्या छोट्या सिस्टीम रिझर्व्हडमध्ये असतो. डी, ई, एफ मुद्दाम टाळायचे. एमबीआर२जीपीटी हे टूल डिस्कवर एक जरी लॉजिकल भाग असला तरी नकार देतं. त्यांचा डेटा मागाहून कॉपी करता येतो.

क्लोनच्या आधी पॉवरसीएफजी /एच ऑफ चालवा. फास्ट स्टार्टअप बंद होतो, हायबरनेशनची फाइल जाते, ८ जीबी रॅमवर साधारण ३ जीबी जागा सुटते. बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू आहे का तेही बघून घ्या. असेल तर पूर्ण डीक्रिप्ट करा, आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

क्लोन मध्येच रीड एरर २३ किंवा सीआरसी म्हणून थांबलं तर तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, पेंडिंग सेक्टरचा.

अडत_दुकान

क्लोन करताना एसएसडी आत लावू की यूएसबीनं? आणि एनव्हीएमई (एम.२ खाचेत बसणारी) घेऊ की साटा (केबलनं जोडायची)? बोर्डावर एम.२ ची एक जागा दिसते.

दुपारची_शिफ्ट

साटाच घ्या, २.५ इंची. एच३१० चिपसेटच्या लेन (डेटाच्या वाटा) जुन्या पीसीआयई २.० च्याच असतात. एम.२ ला चार लेन असतील तर कागदावर २ जीबी प्रति सेकंद, आणि बऱ्याच एच३१० बोर्डांवर दोनच लेन दिलेल्या असतात, म्हणजे १ जीबी. ७,००० एमबीची जेन ४ एसएसडी तिथं लावणं म्हणजे ट्रॅक्टरला रेसचे टायर. शिवाय एनव्हीएमईवरून लेगसी बूट बहुतेक बोर्डांवर होत नाही, क्लोन केल्या केल्या अडकाल. साटाची ५५० एमबी प्रति सेकंद टॅलीला उदंड झाली. तुमचं मशीन अडतंय ते बारीकसारीक फायली शोधताना हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडं पळतं म्हणून, आणि एसएसडीत हेडच नाही.

सामान : एसएसडी एक, साटा डेटा केबल एक, एसएमपीएसला साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर वाय केबल, आणि ३.५ इंची जागेत बसवायला ब्रॅकेट. एसएसडीला एम३ चे स्क्रू लागतात. जुन्या हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्याचे असतात, ते एसएसडीत दाबून फिरवले तर आटे जातात. ब्रॅकेट नसेल तर एका बाजूनं दोन स्क्रू मारून बसवली तरी चालते, आत फिरणारं काही नाही.

डेस्कटॉप आहे तर आतूनच लावा, थेट साटावर. यूएसबी २ च्या पोर्टला लावाल तर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, ९६ जीबीला पाऊण तास. जुनी डिस्क तशीही १०० च्या आसपास देणार, म्हणजे आतून लावल्यावर वीस मिनिटं ते अर्धा तास. हे सगळं यूपीएसवर करा, आणि यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासा. लाइट गेल्यावर दोन मिनिटांत बसणारा यूपीएस असेल तर तो नसल्यातच जमा.

टिकाऊपणाची भीती बाळगू नका. ८७० ईव्हीओच्या ५०० जीबी आवृत्तीला ३०० टीबी लिहिण्याची हमी आहे. दिवसाला २० जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं. अडतीच्या ऑफिसात दिवसाला २० जीबी कोण लिहितंय?

सेक्टर_६३

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. क्लोन पूर्ण झालं की मशीन बंद करा, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा, आणि मगच नव्या एसएसडीवरून पहिल्यांदा सुरू करा.

कारण असं. एमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही असते. सी म्हणजे कोणती डिस्क, हे विंडोज त्या सहीवरून ठरवते. हुबेहूब क्लोनमध्ये सहीपण तीच येते. दोन्ही डिस्क लावून सुरू केलं तर विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते. हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसलं की लोक हौसेनं राइट क्लिक करून ऑनलाइन करतात. तसं केलं की विंडोज त्या डिस्कवर नवी सही लिहिते, बूटच्या नोंदीत मात्र जुनीच राहते. पुढच्या वेळी आवश्यक डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळा पडदा. काही सॉफ्टवेअर क्लोन करतानाच नवी सही घालून बूटच्या नोंदी दुरुस्त करतात, पण त्यावर विसंबू नका, केबल काढायला एक मिनिट लागतं.

एकदा नीट सुरू झालं, टॅली आणि पट्टी उघडून पाहिली, की पुढचं. विंडोज ११ च्या पेनड्राइव्हवरून बूट, पहिल्या पडद्यावर शिफ्ट एफ१०. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क. ५०० ची एसएसडी तिथं ४६५ जीबी दिसेल, तिचा नंबर बघा, बहुधा ०. बाहेर येऊन एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०. ते पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. मग बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद, बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला. साटा मोडला मात्र हात लावू नका, एएचसीआय असेल तर एएचसीआयच.

मग विंडोज १० मध्ये आत येऊन, विंडोज ११ चा सेटअप आतूनच चालवा. पेनड्राइव्हवरून बूट करून केलं तर ॲप्स ठेवण्याचा पर्याय मिळत नाही.

तांबडा_पांढरा

सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरू नगा. जुनं ग्राफिक कार्ड लावलेलं असंल तर ते काढा अन् मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा.

रंकाळ्याचा_वारा

टॅलीबद्दल एक. सगळ्याच्या आधी लायसन्स मेनूतून सरेंडर करा आणि शेवटी नव्या एसएसडीवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. हार्डवेअर बदललं म्हणून ते एज्युकेशनल मोडमध्ये गेलं आणि सौद्याच्या दिवशी लक्षात आलं, तर तिथंच खोळंबा. डीएससीचं सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, डिस्कशी संबंध नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (सही करायचं सॉफ्टवेअर) चालतात का एवढं बघा.

मार्च-एप्रिलात मी कुणालाही हे करू नका म्हणेन, पण पाडव्याआधी पंधरा दिवस म्हणजे योग्य वेळ.

अडत_दुकान

झालं एकदाचं. सी५ चेकडिस्कनंतर ० झाला, क्लोन, जीपीटी, विंडोज ११, सगळं या क्रमानं. पट्ट्या व्हर्च्युअलस्टोअरमध्येच होत्या! टॅली आता पन्नास सेकंदांत हातात.

दोन शंका. जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसरी म्हणून लावू का? आणि पट्टीचा रिपोर्ट उघडताना एका ओसीएक्सचा एरर येतोय. फाइल बॅकअपमध्ये आहे, ती सिस्टीम३२ मध्ये टाकून रजिस्टर केली तर मॉड्यूल लोड होत नाही म्हणतो.

कोरी_पाटी

बघा, आला ना एक ओसीएक्स आडवा. 🙂 जुनी डिस्क मात्र इतक्यात फॉरमॅट करू नका. निदान एक जीएसटी रिटर्न आणि एक महिन्याच्या पट्ट्या नव्यावरून निघू देत. पेंडिंग दाखवलेल्या डिस्कवर नंतरही कामाचा डेटा ठेवू नये, फार तर दुसरी प्रत म्हणून. आणि ती प्रत त्याच ऑफिसात ठेवायची नाही. यार्डात निदान पोटमाळ्यावर तरी. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीवाल्यांना तर सांगायलाच नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की तळमजल्यावरचं सामान वर चढतं. त्या सामानात बॅकअपची डिस्क धरत जा.

सेक्टर_६३

ओसीएक्स ३२ बिटचा आहे, आणि ६४ बिट विंडोजमध्ये नावं उलटी आहेत. सिस्टीम३२ मध्ये ६४ बिट फायली असतात, ३२ बिटच्या सिसवाऊ६४ मध्ये. फाइल सिस्टीम३२ मधून काढून सिसवाऊ६४ मध्ये टाका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, सीडी करून सिसवाऊ६४ मध्ये जा आणि तिथलाच रेगएसव्हीआर३२ चालवा.

तिथं असतानाच एफएसयूटिल बिहेविअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय मारून एनटीएफएसपुढे ० येतोय का बघा. ० असेल तर ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू आहे.

अडत_दुकान

सिसवाऊ६४ मधून झालं. रिपोर्ट उघडला. ट्रिम ०. कागद मात्र अर्धा फूट सरकतोय.

तांबडा_पांढरा

फोटो काढलाय न्हवं? घाला त्यातली साइज.